पाखराची ओळख

दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं, याचं कारण जैन घरातल्या मुलांना फार लवकर सांगितलं जातं. अंधार पडला की दिवा लागतो, दिव्यावर पाखरं येतात, ताटात पडतात, आपल्याला दिसत नाहीत. म्हणून जेवण आधी उरकायचं, कंदिलाची काच नीट बसवायची, पाण्याचं भांडं उघडं ठेवायचं नाही. या सगळ्या नियमांच्या मधोमध एक पाखरू बसलेलं आहे. पण ते कुठलं, दिवसा कुठं असतं, लहानपणी काय खातं, हे सहसा कुणी विचारत नाही. आपल्या लेखी तो 'जीव' असतो. जीव म्हटलं की हात आवरायचा, एवढं ठरलेलं. पुढं चौकशी करायची गरज वाटत नाही.

मला ही चौकशी करायची गरज वाटू लागली आहे. ज्याची ओळख नाही त्याच्यावर दया करता येते का, हा एक प्रश्न. आणि ओळख पटवण्यासाठी त्याच जीवाला मारावं लागत असेल तर काय करायचं, हा दुसरा. दोन्ही प्रश्न माझ्यापुढं एकदमच आले, ते पुतणीमुळं.

ती शेतकी कॉलेजात शिकते. तिथं प्रत्येक विद्यार्थ्याला कीटकांचा संग्रह करून द्यावा लागतो. जाळीनं कीटक धरायचे, औषधाचा बोळा घातलेल्या बाटलीत टाकायचे, निपचित झाले की पंख पसरून टाचणीनं पेटीत लावायचे, खाली चिठ्ठी. पेटीत डांबराच्या गोळ्या. सुट्टीला आली तेव्हा तिनं ती बाटली माझ्यापुढं ठेवली नाही, नुसतं सांगितलं. "काकू, मारायची बाटली म्हणतात बघ तिला. नाव पण लपवलेलं नाही. मी काय करू सांग की."

घरातल्या मोठ्यांनी लगेच निकाल दिला, असलं काही करायचं नाही, मार्क गेले तर जाऊ देत. पण तिच्या सरांनी वर्गात जे सांगितलं होतं ते ऐकल्यावर मला हा निकाल पुरेसा वाटेना. सर म्हणाले होते, ज्या शेतकऱ्याला कीड ओळखता येत नाही तो दुप्पट औषध मारतो. मक्यावरची लष्करी अळी आठवा. अमेरिकेतला हा पतंग २०१८ साली भारतात पहिल्यांदा सापडला तो आमच्याच कर्नाटकात. सुरुवातीला ती नेहमीचीच एखादी अळी समजून लोक हाताला येईल ते फवारत राहिले. तिच्या डोक्यावर उलटा वाय असतो आणि शेपटीकडच्या एका भागावर चार काळे ठिपके चौकोनात असतात, एवढं कळलं की बांधावर उभा राहूनसुद्धा ओळखता येते. ती ओळख नसेल तर एका अळीपायी शेतातले हजार दुसरे जीव जातात. त्यात मधमाश्या आल्या, आणि त्या अळीला खाणारे किडेही आले.

आमचा समाज या सीमाभागात मुख्यतः शेती करणारा. नांगर धरणाऱ्याला हिंसा टाळता येत नाही, हे आपल्या आचार्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार केले. घरकामात, स्वयंपाकपाण्यात होते ती आरंभी. पोटापाण्याच्या धंद्यात होते ती उद्योगी. स्वतःचं किंवा दुसऱ्याचं रक्षण करताना होते ती विरोधी. आणि ठरवून, मारण्याच्या इराद्यानं केलेली ती संकल्पी. गृहस्थानं संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची आणि बाकीच्या तीन जमतील तितक्या कमी करायच्या. पुतणीची बाटली यातल्या कुठल्या खान्यात बसते? धरून, ठरवून मारणं आहे म्हणजे संकल्पी. पण ते शिक्षणासाठी आहे, उद्या शेतकऱ्याची फवारणी त्यामुळं कमी होणार असेल तर उद्योगी म्हणता येईल का? मला वाटतं, याचं एकच उत्तर सगळ्या कीटकांना लावता येत नाही. कुठला जीव आहे यावर ते ठरतं. हे सांगण्यासाठी मी एकच पतंग घेते, आमच्या खानापूरच्या जंगलातला.

बेळगावहून खानापूर, जांबोटी करत कणकुंबीकडं निघालं की रान दाट होत जातं. पुढं चोर्ल्याचा घाट आणि गोवा. या पट्ट्यात ऐन आणि किंजळ भरपूर. ऐन न ओळखणारा माणूस आमच्याकडं सापडायचा नाही. मगरीच्या पाठीसारखी चौकटी चौकटीनं फुटलेली काळपट साल, पानाच्या मागं देठाजवळ बारीक गाठी, आणि पाच पंखांचं वाळकं फळ. त्याचाच भाऊ अर्जुन ओढ्याकाठी उभा असतो, त्याची साल मात्र गुळगुळीत, फिकट. कानडीत ऐनाला मत्ती म्हणतात. या ऐनावर टसरचा पतंग वाढतो. विदर्भात त्याच्या रेशमाला कोसा म्हणतात.

पाऊस लागला की मादी पानांवर अंडी घालते. अळी बाहेर येते ती एवढीशी. चार वेळा कात टाकून वाढते तेव्हा बोटाहून जाड आणि तळहाताएवढी लांब, पानाच्याच रंगाची हिरवी. एवढी मोठी असून डोळ्यांसमोरच्या फांदीवर दिसत नाही. खाली पडलेली विष्ठा बघून वर शोधावं लागतं. ऐन, अर्जुन, बोर, उत्तरेकडं साल, अशी तिची ठरलेली झाडं. मग ती कोष करते. कोष लहान अंड्याएवढा, कठीण, आणि त्याला रेशमाचाच घट्ट देठ. देठाच्या टोकाला कडं असतं, ते काटकीला वेढून बसतं. झाडाची पानं गळाली की हे कोष फळासारखे लटकलेले दिसतात. आतला पतंग बाहेर येताना तोंडातून एक द्रव सोडतो, त्यानं धागे सैल होतात आणि तो ते बाजूला सारून निघतो.

हा पतंग ओळखायला अवघड नाही, आणि माझ्या म्हणण्यातली मुख्य गोष्ट हीच आहे. पंख पसरले की वीतभर. नर विटकरी-तांबूस, मादी त्याहून मोठी आणि बहुधा पिवळसर किंवा करडी. चारी पंखांवर एकेक गोल डोळा, आणि त्या डोळ्याच्या मधोमध काचेसारखी पारदर्शक खिडकी. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद, मादीच्या बारीक. आमच्याच जंगलात अ‍ॅटलास पतंग असतो, पण त्याच्या पंखावरची खिडकी त्रिकोणी आणि पंखाचं टोक सापाच्या डोक्यासारखं. मून मॉथ फिकट हिरवा, मागं दोन लांब शेपट्या. तिघांत गोंधळ होण्याचं कारण नाही. हातभर अंतरावरून, त्याला बोटही न लावता ओळख पटते. असा पतंग पेटीत लावण्यासाठी मारला तर ती हिंसा कुठल्याही हिशेबानं संकल्पीच. कारण मारून आपल्याला काही नवं कळलेलं नसतं.

पण सगळे पतंग असे सोपे नाहीत. रानात चादर लावून दिवा ठेवला तर एका रात्रीत शेकडो येतात, आणि त्यातले बरेचसे करडे, तपकिरी, नखाएवढे. दोन जाती बाहेरून हुबेहूब सारख्या, आणि फरक फक्त जननेंद्रियांच्या घडणीत. तो पाहायचा तर पतंग मारून, पोट उकळून, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागतो. तिथं फोटो कामाला येत नाही. आणि फोटोवरून आपण जी नावं आज देतो ती तरी कुठून आली? जॉर्ज हॅम्पसन नावाचे इंग्रज गृहस्थ निलगिरीत चहाच्या मळ्यावर होते. त्यांनी १८९२ ते १८९६ या काळात भारतातल्या पतंगांवर चार खंड लिहिले. त्यामागं टोचलेल्या पतंगांचे पेटारेच्या पेटारे होते. आमच्या शेजारच्या कारवारात टी. आर. बेल हे जंगलखात्याचे अधिकारी होते. त्यांनी वर्षानुवर्षं अळ्या घरी वाढवल्या, कुठली अळी कुठल्या झाडाचं पान खाते ते टिपून ठेवलं. १९३७ साली त्यांचा स्कॉट यांच्याबरोबरचा हॉक मॉथवरचा खंड निघाला. अळीचं झाड कुठलं हे सांगायचं झालं तर आजही बेल यांच्या नोंदींकडं जावं लागतं. त्यांनीही पतंग टोचले. 'मी मारत नाही, मी फोटो काढते' असं म्हणणाऱ्यानं हे विसरू नये. आपल्या स्वच्छ हाताला नाव पुरवणारे हात वेगळे होते.

मग काय, त्यांनी मारलं म्हणून आपण न मारण्याचं पुण्य फुकट घ्यायचं? मला तसं वाटत नाही. त्यांनी जे मिळवलं ते वाया जाऊ न देणं हे आपलं काम आहे. एकदा एका जातीची ओळख पक्की झाली की प्रत्येक वर्षीच्या प्रत्येक मुलानं तीच जात पुन्हा मारून शिकावी, याला ज्ञान म्हणता येत नाही, ती रीत झाली. आणि ज्या जाती मारल्याशिवाय वेगळ्या काढता येत नाहीत, तिथं आपल्यासारख्यांनी 'या वंशातला कुठला तरी' एवढ्यावर थांबायला शिकावं. जितकं दिसलं तितकंच ठामपणे बोलायचं आणि बाकीचं उघडं सोडायचं, हे अनेकांत मानणाऱ्यांना जड जाऊ नये. खुद्द टसरलाही दोन नावं आहेत. लिनिअसनं १७५८ साली दिलेलं पाफिया आणि ड्रुरीनं १७७३ साली दिलेलं मिलिट्टा. ही दोन नावं एकाच जातीची की दोन जातींची, यावर जाणकारांत मतभेद आहेत. त्यामुळं ऐनावरची अळी काही अडून बसलेली नाही. ज्याला हा वाद मिटवायचाच आहे, ज्याच्याकडं ती विद्या आहे, त्यानं दोन-चार नमुने घेतले तर मी त्याला कसाई म्हणणार नाही. त्याचं ते काम उद्योगी हिंसेच्या जवळ जातं. पण त्याचा परवाना मला आपोआप मिळत नाही.

न मारता पाहणं म्हणजे निर्दोष पाहणं, असंही नाही. टसरचा पतंग बाहेर आल्यावर काही खात नाही. त्याला खाण्यासाठी चालतं तोंडच नसतं. अळीपणी ऐनाचं जे पान खाल्लं, त्या शिदोरीवर त्याचे उरलेले थोडेच दिवस निघतात. एवढ्यात नरानं वासाच्या मागानं मादी शोधायची, मादीनं झाड शोधून अंडी घालायची. आपण हौसेनं जंगलात दिवा लावतो, तो रात्रभर चादरीला धडका देत बसतो. त्याच्या आयुष्याचा केवढा हिस्सा आपण घेतला? आणि उजाडलं की कोतवाल पक्षी येऊन चादरीवरचे पतंग टिपून नेतात. म्हणून दिवा लावायचाच तर थोडा वेळ, मग मालवायचा, आणि बसलेले पतंग उजाडायच्या आत झुडपात सोडायचे. आपल्या घरातल्या दिवेलागणीच्या नियमांतून हे शहाणपण सहज निघतं. अंगणातल्या, मंदिराच्या कमानीवरच्या आणि रस्त्यावरच्या रात्रभर जळणाऱ्या पांढऱ्या दिव्यांना मात्र आपण ते लावत नाही. ताटातला पतंग चुकवायचा म्हणून दिवसा जेवायचं, आणि उत्सवात शिखरावर पहाटेपर्यंत झोत सोडायचा, हे दोन्ही आपण एकाच श्रद्धेनं करतो.

पाठशाळेत जीवांची वर्गवारी शिकवतात ती इंद्रियांवर. तत्त्वार्थसूत्रात उदाहरणं दिली आहेत ती कृमी, मुंगी, भुंगा आणि माणूस, एकेक इंद्रिय वाढत गेलेलं. पतंग भुंग्याच्या पंगतीत, चार इंद्रियांचा, कान नसलेला. पुतणीनं यावर मला पेचात धरलं. "अळी कृमीत धरायची की पाखरात? जीव तर एकच की." अळीच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा साधे डोळे असतात हेही तिनंच सांगितलं. कानाचं तर त्याहून मजेशीर. पतंगांच्या पुष्कळ कुळांना कान असतो, छातीवर किंवा पोटाच्या बुडाशी. त्यानं ते वटवाघळाचा आपल्याला ऐकू न येणारा बारीक आवाज ऐकतात आणि झटकन खाली पडतात. आमच्या भीमगड अभयारण्यात बारापेडे गुहा आहेत, तिथली वटवाघळं दुर्मिळ म्हणून प्रसिद्ध आहेत. वटवाघूळ आणि पतंग यांचा हा खेळ अशा जंगलात रोज रात्री चालतो. पण टसरच्या कुळाला कान नाही. म्हणजे टसरपुरतं शास्त्र आणि प्रयोगशाळा एकच सांगतात, आणि दुसऱ्या पतंगांपाशी वेगळं. यात मला शास्त्राचा कमीपणा दिसत नाही. त्या काळी, नुसत्या डोळ्यांनी, कुणाला काय जाणवतं एवढ्यासाठी एवढ्या बारकाईनं जीव न्याहाळणारे ते लोक होते. वेदना कळण्यासाठी आधी जीव कळला पाहिजे, हे त्यांनी धरलं होतं. आपण मात्र त्यांची यादी पाठ केली आणि न्याहाळणं सोडून दिलं.

ओळख झाली की दयेचा पत्ता बदलतो, हे मला टसरमुळं कळलं. 'पतंगाचा जीव वाचवायचा' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं दिवा येतो. पण टसरचं सारं आयुष्य दिव्यापाशी नाही, ऐनापाशी आहे. ऐन गेला तर दिव्याला दहा काचा लावूनही उपयोग नाही, कारण यायला पाखरूच उरणार नाही. रेशमाचा प्रश्नही इथं गुंतागुंतीचा होतो. रेशीम नको, त्यात जीव जातो, हे म्हणणं खरंच आहे. सलग धागा काढायचा तर आतल्या जीवाला कोषातच मारतात, मग तो कोष तुतीच्या किड्याचा असो की टसरचा. मी रेशीम नेसत नाही. पण भंडारा-गडचिरोलीकडं ढिवर समाजातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या ऐनाच्या झाडांवर या अळ्या वाढवतात, पाखरं आणि मुंग्या हाकत दिवसभर झाडाखाली राखण करतात. त्यांना ऐन उभा हवा असतो. उलट आमच्या जुन्या घराच्या तुळया ऐनाच्या आहेत, आणि खानापूरकडचा रस्ता रुंद झाला तेव्हा त्याच्या कडेची झाडं पडली, त्या रस्त्यानं मी आता लवकर पोचते. कोष उकळणारे हिंसक आणि सुती नेसणारी मी अहिंसक, इतकं सरळ हे नाही. त्यांची हिंसा दिसते, मोजता येते. माझी, रस्त्याची आणि तुळयांची, कुणाच्याच हिशेबात येत नाही. म्हणून मी रेशीम नेसायला लागले नाही. फक्त त्यांच्याकडं नाक वर करून बघणं थांबवलं.

पुतणीनं शेवटी एक वाट काढली. सकाळी लवकर उठून बसस्टँडच्या दिव्यांखाली, पेट्रोल पंपावर, मंदिराच्या ओवरीत रात्री मरून पडलेले पतंग ती कागदात गोळा करू लागली. प्रत्येकाची चिठ्ठी नीट: तारीख, गाव, दिवा कुठला, आसपास झाडं कुठली. ओवरीत झाडणाऱ्या बाई तिच्यासाठी पाखरं बाजूला काढून ठेवायच्या. काहींचे पंख फाटलेले, काहींची डोकी मुंग्यांनी नेलेली. टसर मेलेला मिळाला नाही. त्याच्या जागी तिनं ऐनाच्या काटकीला लटकलेला रिकामा कोष लावला, वरच्या टोकाला पाखरू निघून गेल्याची वाट असलेला, आणि चिठ्ठीत खाद्यवनस्पती लिहिली. सरांनी पेटी घेतली. चिठ्ठ्यांची तारीफ केली, आणि फाटक्या पंखांवरून जात ठरवता येत नाही म्हणून मार्क कापले. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते असं मला वाटतं. तिला मार्क गेल्याचं वाईट वाटलं, ते तिनं लपवलं नाही. अहिंसेला किंमत पडते हे तिला पुस्तकाबाहेर कळलं, आणि ती किंमत दुसऱ्या कुणी नाही, तिनंच भरली.

आमच्या शेताच्या बांधावर तीन ऐन आहेत. त्यांच्या सावलीत भात नीट पोसत नाही, तेवढ्या पट्ट्यात उतारा कमी येतो. दीर दोन वर्षं म्हणतायत, तोडून टाकूया. त्यांचं म्हणणं खोटं नाही, तोटा दरसाल होतोच. यंदा मी एवढंच म्हटलं, चातुर्मासात हात लावायचा नाही. पावसाळ्यात जीवजंतू फार म्हणून मुनी एका जागी राहतात, पाऊल जपतात. त्याच महिन्यांत ऐनावर अळ्या असतात. मग झाडाला तोच नियम का नको? दीर हसले, पण ऐकलं. दिवाळी झाल्यावर पुन्हा विषय निघेल. तेव्हा त्यांना बांधावर घेऊन जायचं आणि काटक्यांना लटकलेले कोष किती आहेत ते त्यांच्याकडूनच मोजून घ्यायचं, एवढं मी ठरवलंय.